सप्रेम भेट मिळणार नाही

गेल्या आठवड्यात आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर एक ओळखीचे गृहस्थ आले. पासबुक भरून घेतलं आणि जाता जाता म्हणाले, "मॅडम, नवीन कादंबरी आली म्हणे तुमची. एक प्रत द्या की सप्रेम भेट. सही करून द्या मात्र." मी म्हटलं, "काका, तीनशे रुपये किंमत आहे. सही करून देते." त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "बघू, पुढच्या वेळी."

मला वाईट वाटलं, पण मी नमले नाही. पहिल्या कादंबरीच्या वेळी नमले होते. तेव्हा साठ प्रती वाटल्या. नातेवाईक, शेजारी, शाळेतले सर, बाई, नणंदेच्या सासरचे, संस्थेचे संचालक. त्या साठांपैकी आठ जणांनी वाचल्याचं कळवलं. बाकीच्या प्रती कुठे आहेत ते मला माहीत आहे, कारण मी त्या घरांत जाते. शोकेसमध्ये आहेत, लग्नात आलेल्या काचेच्या सेटशेजारी. पैसे देऊन ज्यांनी घेतली, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचे फोन आले, पत्रं आली. एका बाईंनी तर शेवटच्या प्रकरणावरून माझ्याशी वीस मिनिटं वाद घातला.

हिशेब उघडा मांडते, कारण तो कुणी मांडत नाही. कादंबरी २०८ पानांची, डेमी आकारात. सोळा पानांचा एक फॉर्म, असे १३ फॉर्म. ३०० प्रती काढल्या. छपाई आणि बांधणी ३३,००० रुपये, अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन ११,०००, मुखपृष्ठ ६,०००, नमुना प्रत, पाकिटं आणि येणंजाणं धरून ४,०००. एकूण ५४,०००. म्हणजे एका प्रतीला १८० रुपये. किंमत ठेवली ३००. दुकानात ठेवायची तर ४० टक्के कमिशन. उरले १८०. दुकानातून विकल्या गेलेल्या प्रतीमागे मला माझेच पैसे परत मिळतात, तेही चार-सहा महिन्यांनी. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याला जागेचं भाडं आहे, माणसांचे पगार आहेत, न खपलेले गठ्ठे सांभाळायचे आहेत. पण सप्रेम भेट दिलेली प्रत १८० रुपये माझ्या खिशातून काढून नेते. साठ प्रतींचे आजच्या दराने १०,८०० होतात. पतसंस्थेच्या क्लार्कच्या पगारात ही रक्कम लहान नाही.

आणि हे झाले नुसते कागदाचे आणि शाईचे पैसे.

लोक विचारतात, "वेळ कसा मिळतो हो तुम्हाला?" मिळत नाही. मी चार पन्नासला उठते. साडेसहाला नळाला पाणी येतं. मधली शंभर मिनिटं माझी. तेवढ्यात तीनशे शब्द होतात, वाईट सकाळ असेल तर ऐंशी. आठवड्याचे पाच दिवस. शनिवारी सासूबाईंची साखर तपासायला जायचं असतं आणि रविवारी मी झोपते, झोपायलाच हवं. साठ हजार शब्दांच्या खर्ड्याला दोनशे सकाळी लागल्या. मार्च एंडला तीन आठवडे एक ओळ झाली नाही. थोरलीच्या दहावीला दोन महिने गेले. मग दोनदा पुनर्लेखन.

ही शंभर मिनिटं एकट्या माझ्या जोरावर उभी नाहीत, हेही सांगायला पाहिजे. सकाळचे डबे हे करतात. भाजी रात्रीच चिरून ठेवलेली असते, कणीक सासूबाई भिजवतात. पहिल्या वर्षी घरात यावरून कुरबुर झाली, आवाज चढले, दोन दिवस अबोला झाला. तेव्हा मी सगळ्यांना बसवून एक प्रकरण वाचून दाखवलं. त्यानंतर सासूबाई पहाटे देवघरातली घंटा हळू वाजवायला लागल्या. माझ्या लिखाणावर आलेल्या सगळ्या अभिप्रायांत तो मला मोठा वाटतो.

नोकरी सांभाळून लिहिणं मराठीत नवीन नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक स्वतः काढलं, त्यातून कादंबऱ्या लिहिल्या आणि त्याच हातांनी आनंदाश्रमाचा कारभार पाहिला, पुण्याच्या नगरपालिकेतही काम केलं. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते. या माणसांविषयी मला आदर आहे. पण त्यांच्या घरी चूल कोण पेटवत होतं, आल्यागेल्याचं चहापाणी कोण बघत होतं, याची नोंद कुणी ठेवली नाही. काशीबाई कानिटकर लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या आणि कादंबरीकार झाल्या. त्यांना लिहायला वेळ कोण देत होतं, हा प्रश्न मला हरिभाऊंच्या वेळेपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. आजही 'लेखन आणि संसार' हा प्रश्न मुलाखतीत बाईलाच विचारतात. पुरुष लेखकालाही विचारा. खरं उत्तर आलं तर छापा.

आता स्वप्रकाशनाच्या बाजाराबद्दल. "पंचवीस हजारांत लेखक व्हा" असे मेसेज रोज येतात. त्या पॅकेजमध्ये आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे, पैसे लावलेले असतात. नवीन लिहिणाऱ्यांनो, लक्षात ठेवा, भारतात आयएसबीएन मोफत मिळतो. दिल्लीला राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे, लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. पॅकेजमध्ये 'कॉपीराइट मिळवून देऊ' असंही असतं. १९५७ च्या कायद्यानं तुम्ही लिहिलंत त्या क्षणी हक्क तुमचा झालेला असतो, तुमच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो राहतो. नोंदणी सक्तीची नाही. पुरावा हवा म्हणून करायची असेल तर साहित्यकृतीचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. किंडलवर मराठी ई-पुस्तक चढवायला एक पैसा लागत नाही. जे फुकट आहे त्याचे पैसे घेणाऱ्याला प्रकाशक म्हणू नका.

एक गोष्ट मात्र पॅकेजवाले सहसा सांगत नाहीत, ती मी सांगते. स्वतः छापलंत की कायद्यानं तुम्ही प्रकाशक झालात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली तीन ग्रंथालयं, अशा चार ठिकाणी एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची. या चार प्रती मी आनंदानं पाठवल्या. शंभर वर्षांनी कुणी मागितली तर तिथे सापडेल.

पुरस्कारांचं मात्र पॅकेजसारखंच. नोंदणी शुल्क भरा, पाच प्रती पाठवा, परत मिळणार नाहीत. पाच प्रतींचे नऊशे, वर शुल्क, वर टपाल. मी एकदा भरले. आता भरत नाही, तुम्हीही भरू नका.

पैसे वाचवायचे म्हणून मुद्रितशोधन मात्र टाळू नका. मी मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करते. अक्षरजुळणी करणाऱ्याकडे जुना फॉन्ट होता. फाइल एकीकडून दुसरीकडे गेली आणि सगळे 'ऱ्या' मोडले. 'सह्याद्रीच्या दऱ्या' लिहिलं होतं, पानावर 'सह्याद्रीच्या दर्या' उमटलं. डोंगरात समुद्र आला. चारशे बारा ठिकाणी असं झालं होतं. जेवणाच्या सुट्टीत, डब्याशेजारी प्रुफं ठेवून, लाल पेननं एकेक 'ऱ्या' मी दुरुस्त केला. अकरा दिवस लागले. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी त्यानंतरही सतरा चुका काढल्या. त्यांचे पैसे मी घासाघीस न करता दिले. वाचक म्हणून तुम्ही ज्या पानावर अडखळत नाही, त्या पानामागे अशी एक बाई असते.

प्रचाराचं सांगते. तो करायलाच हवा, त्यात लाज नाही. आपण छापलेलं आपणच सांगितलं नाही तर कोण सांगणार? पण त्याला कुंपण हवं. कादंबरी आली त्या महिन्यात मी रील करायला बसले. तीस सेकंदांच्या रीलला दोन सकाळी गेल्या, म्हणजे तिसऱ्या कादंबरीचे सहाशे शब्द गेले. रील चौदाशे जणांनी पाहिलं, प्रत एक खपली. त्याच महिन्यात जवळच्या गावातल्या वाचनालयात गेले. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव अनुदानावर चालणारी वाचनालयं उभी राहिली, ती आपल्याला दिसत नाहीत इतकी सवयीची झाली आहेत. बावीस माणसं आली होती, त्यात निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, दोन कॉलेजची मुलं. मी वीस मिनिटं वाचलं, तासभर गप्पा झाल्या, अकरा प्रती गेल्या. एक वाचनालयानं घेतली. ती आजवर नऊ जणांनी नेली, असं ग्रंथपालांनी परवा कळवलं.

तेव्हापासून नियम केला. पहाटेच्या शंभर मिनिटांत फोन स्वयंपाकघरातल्या डब्यांमागे. प्रचार गुरुवारी रात्री एक तास आणि महिन्यातून एक वाचनालय. स्टेटस ठेवायचं, विचारणाऱ्यांना उत्तरं द्यायची, हिशेबाची वही भरायची, उठायचं. नवीन लिहिणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आधी लिहिण्याची वेळ राखा आणि उरलेल्यात विका. उलटं केलं की विकायलाही काही उरत नाही. हे मी दोन ओळखीच्या लेखकांचं झालेलं पाहिलं आहे. एकेक पुस्तक आलं, त्याचा गाजावाजा तीन वर्षं चालला, दुसरं आलं नाही. दोघंही चांगलं लिहीत होते.

पार्सलं मात्र रोज रात्री होतात. जेवणं झाली, ओटा पुसला की फरशीवर बसते. धाकटी पाकिटावर मार्करनं पत्ता लिहिते, पिनकोड दोनदा वाचून घेते. पुस्तक २६० ग्रॅमचं, जाड खाकी पाकीट वीस ग्रॅमचं. ३०० च्या आत राहायला हवं, म्हणून बबल रॅप सोडून पातळ प्लॅस्टिक वापरते, पावसात भिजू नये एवढंच. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली, तिच्यात ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला २० रुपये आणि कर लागतो. जमिनीवरून जातं, त्यामुळे चार दिवस जास्त लागतात. वाचक थांबतात. परवा गडचिरोलीला एक गेलं, बेळगावला दोन. बेळगावच्या ताईंनी पैसे आधी पाठवले आणि खाली लिहिलं, "सवकाश पाठवा." त्या एका ओळीवर मी आठवडाभर पहाटे उठले.

तेव्हा माझ्या ओळखीच्या सगळ्यांना, नातेवाइकांना, काउंटरवरच्या काकांनाही हे सांगणं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, ऑफिसात कुणी लिहीत असेल तर त्याच्याकडे प्रत फुकट मागू नका. विकत घ्या. परवडत नसेल तर जवळच्या वाचनालयाला घ्यायला सांगा आणि तिथून आणून वाचा, त्यात लेखकाचा मान आहे. वाचून झाल्यावर दोन ओळी कळवा. आवडलं नाही तर तसं कळवा, आम्ही ऐकून घेतो. आणि लिहिणारी घरातली असेल तर पहाटे तिच्या खोलीचा दिवा दिसला की चहाला हाक मारू नका. साडेसहापर्यंत थांबा.

३०० पैकी १४३ प्रती शिल्लक आहेत, पलंगाखालच्या खोक्यांत. किंमत तीनशे रुपये, टपाल वेगळं.