युवराज्ञीच्या हनुवटीचा प्रश्न
२ सप्टेंबर २०२२. ॲमेझॉनच्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेचे पहिले दोन भाग आले आणि पहिल्याच दिवशी २.५ कोटी प्रेक्षक जमले. (आकडा कंपनीचाच, म्हणजे सासरच्या तोंडून सुनेचं कौतुक समजा.) मूळ लेखक टोल्किनच्या कथांचे हक्क घ्यायलाच म्हणे २५ कोटी डॉलर मोजले होते. मालिकेत न्यूझीलंडचे डोंगर आले, झगमगती चिलखतं आली, समुद्रातला अजस्र किडाही आला. टोल्किनभक्तांची नजर मात्र गेली ती बुटक्यांची युवराज्ञी डिसा हिच्या हनुवटीवर. दाढी कुठाय? एल्फांनी केस का कापले? जादू आणि अमरत्व बिनतक्रार गिळणाऱ्यांच्या घशात नेमकं न्हाव्याचं काम अडकलं! काहींना कलाकारांच्या कातडीचा रंगही सलला. काल्पनिक जमातींच्या वंशावळीची एवढी काळजी स्वतःच्या पणजोबांचीही कुणी केली नसेल.

कंपनीनं आपल्या साइटवर प्रेक्षकांचे अभिप्राय ७२ तास अडवून धरले. त्यानं काय होणार? बहुतेकांचं मत ट्रेलर बघूनच वाळून खडखडीत झालं होतं. पुढचा तासभर त्यांनी फक्त पुरावे गोळा केले.

आमचं विचाराल तर डोंगर उत्तम, गोष्ट रेंगाळते. दाढीचं तेवढं तुम्ही ठरवा, पण निदान एक भाग पाहून.