टेस्लाचा बाजार उठला म्हणे!

अहो, ऐकलंत का? टेस्लाला गिऱ्हाईक मिळेना! ओझरात विघ्नहराच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर ही बातमी अशा दबक्या आवाजात सांगितली जाते, जशी एखाद्या घरची ठरलेली सोयरीक मोडावी. सांगणाऱ्याच्या पायाला चिखल, खिशात आळेफाट्याच्या कांद्याची पट्टी, दारात पिकअप आणि तोंडात मात्र ईलॉन मस्क. पंचक्रोशीत टेस्ला पाहिली कुणी? कुणीच नाही. पण तिची मागणी घटल्याचं सुतक घरोघर! काय दिवस आले, विघ्नहरा!

प्रकरण मुळापासूनच चव्हाट्यावरचं. 15 जुलै 2025 ला मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं देशातलं पहिलं दालन उघडलं, उद्घाटनाला खुद्द मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. मॉडेल वायची तेव्हाची किंमत ऐकायची असेल तर आधी टेकून बसा: 59 लाख 89 हजारांपासून पुढे. तीच गाडी अमेरिकेत तेव्हा साधारण 45 हजार डॉलरला, म्हणजे आपले चाळीसेक लाख. मधला फरक बहुतेक आयात शुल्काचा पराक्रम. सप्टेंबरात पहिली गाडी घेतली ती राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी, आणि ती नातवाला देणार असं सांगितलं. नव्या पिढीला पर्यावरणाची गोडी लागावी म्हणून! आमच्याकडे नातवानं सायकल मागितली तर आजोबा म्हणतात, "दिवाळीपर्यंत थांब, कांद्याचं काय होतंय बघू."

आता मुद्द्याचं. दालन उघडून दीड महिना झाला तेव्हा बातमी आली की देशभरातून सहाशेच्या आसपास नोंदण्या झाल्या. सहाशे! त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत टेस्लानं जगभरात 7 लाख 20 हजारांवर गाड्या दिल्या. म्हणजे सहाशे गाड्या त्यांच्या लेखी चार तासांचंही काम नव्हे. 2026 च्या जानेवारीत तर न विकलेल्या गाड्यांवर 2 लाखांपर्यंत सूट देऊ केल्याची बातमी आली. टपरीवर एकच हलकल्लोळ. "सूट? म्हंजी आता माल पडून राहिला!" हे निदान करणारे काही लेचेपेचे नाहीत. भाव पडणं म्हणजे काय, हे त्यांना नारायणगावच्या टोमॅटो बाजारानं शिकवलंय. 2023 च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला, तालुक्यात महिनाभरात करोडपती झालेल्यांच्या बातम्या दिल्लीपर्यंत गेल्या. सप्टेंबरात त्याच क्रेटला तोडणीची मजुरी निघेना.

पण इथंच मी टपरीशी भांडते. मागणी थंडावली म्हणायला ती आधी तापायला नको का? टोमॅटो तापला होता. टेस्ला आपल्याकडे तापली ती फक्त बोलण्यात.

बोलण्यातली ती उष्णता मात्र जुनी. 2016 मध्ये मॉडेल थ्रीसाठी आपल्याकडच्या हौशी मंडळींनी हजार डॉलर भरून नंबर लावले. गाडी आलीच नाही. 2025 मध्ये पैसे परत करायला सुरुवात झाली, म्हणजे नऊ वर्षं व्याजाविना मुरवलेली हौस. ज्यांच्या घरात आकुर्डीच्या बजाज चेतकसाठी दहा-दहा वर्षं नंबर लावून बसलेले वडील होते, त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की शेवटी चेतक दारात यायची.

मागणी खरोखर घटली ती तिकडे, आणि ती गोष्ट जास्त चघळण्याजोगी. 2023 मध्ये टेस्लानं जगभर 18 लाखांवर गाड्या दिल्या, 2024 मध्ये 17 लाख 89 हजार, 2025 मध्ये 16 लाख 36 हजार. त्याच 2025 मध्ये चीनच्या बीवायडीनं निव्वळ बॅटरीवरच्या साडेबावीस लाख गाड्या विकून पहिला नंबर पटकावला. अमेरिकेत साडेसात हजार डॉलरची करसवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपणार म्हटल्यावर त्याआधी लोकांनी झुंबड उडवली, आणि मग सामसूम. त्यात मालक मस्क यांचं राजकारण. आपण ही गाडी साहेबांचं डोकं फिरण्याआधी घेतलीय, असे स्टिकर तिकडचे टेस्लावाले गाडीच्या मागं लावून हिंडू लागले. गाडीवाल्यानंच गाडीच्या धन्याबद्दल असं लिहावं? शिव शिव!

आणि इकडे चाकणला काय चाललंय ते बघा. पुण्याहून ओझरला येताना ज्या चाकणच्या ट्रॅफिकमध्ये आपण विघ्नहराचा धावा करतो, तिथंच महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई तयार होतात. 14 फेब्रुवारी 2025 ला नोंदणी उघडली, पहिल्याच दिवशी 30,179. विजेच्या गाडीला गिऱ्हाईक नाही असं म्हणणाऱ्यानं हा आकडा हातावर लिहून ठेवावा. सुरुवात 18 लाख 90 हजारांपासून, म्हणजे एका टेस्लात तीन येतात. अर्थात नंतर सप्टेंबर 2025 मध्ये पेट्रोलच्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि विजेच्या गाड्यांचा 5 टक्क्यांचा तोरा थोडा उतरला. घासाघीस आता तिथं आहे, वांद्र्यात नाही.

खरा अनर्थ पूजेचा! नवी गाडी घेतली की ती ओझरला यायचीच. परवा अशीच एक विजेची गाडी आली. हार बांधायला पुढं जाळीच नाही. नाक सपाट. शेवटी वायपरला सुतळी लावून हार लोंबकळवला. "बॉनेट उघडा" म्हटल्यावर मालकानं उघडलं, तर आत इंजिन नाही, नुसता खड्डा आणि त्यात चपलांची पिशवी! कुंकू नक्की कुठं लावायचं यावर दोन मिनिटं परिषद भरली. चाकाखालची लिंबं फुटल्याचा आवाज आला तेव्हा कुठं कळलं की गाडी चालू आहे.

टपरीवरचा शेवटचा आक्षेप मात्र खरा आहे. शेताची थ्री फेज लाईट रात्रीची, उसात बिबट्या, आणि डीपी जळाली की वायरमनची वाट बघत चार दिवस. अशा ठिकाणी गाडीसाठी लाईट कोण मागणार? पण हा आक्षेप टेस्लावर नाही, लाईटवर आहे. उगाच मस्कच्या नावानं बिल फाडू नका.

साठ लाखांनी हे गाव दिपून जाईल असंही समजू नका. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी इथल्या शिखराला सोनं चढवलं असं सांगतात, तो कळस रोज डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा आमचा निकाल असा: भारतात टेस्लाची मागणी घटलेली नाही, कारण ती अजून सुरूच व्हायची आहे. वांद्रे-कुर्लावाल्यांना एकच विनंती. तुमची गाडी एका चार्जमध्ये 500 किलोमीटर जाते असं कंपनी म्हणते ना, मग येत्या संकष्टीला माळशेज घाट चढून ओतूरमार्गे या. जाऊन-येऊन पुरेल. हार आमच्याकडून. फक्त तो बांधायचा कुठं, तेवढं ठरवून या.