दाजींचं सनरूफ

(रंगमंचावर एक प्लास्टिकची खुर्ची, पाठीला टांगलेली छत्री. कलाकाराच्या एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात गवत कापायच्या मशिनची नायलॉनची दोरी. पावसाचा आवाज. तो पाऊस थांबायची वाट बघतो. पाऊस थांबत नाही.)

पाऊस थांबल्यावर सुरू करूया म्हटलं असतं, तर तुम्ही दसऱ्याला घरी गेला असता. बेळगाव हाय हे!

आमच्या लहानपणी मे महिना आला की बाप माळ्यावर चढून कौलं चाळायचा. एक कौल सरकलेलं दिसलं तर त्याला रात्री झोप नाही. आणि त्याच बापाची पोरं आता शोरूमात जाऊन जादा पैसे मोजून छपराला भोक पाडून घेऊलाल्यात! वर विचारतात, जरा मोठं भोक मिळंल काय? मिळतं. त्याला पॅनोरमिक म्हणतात.

माझे दाजी निपाणीचे. तंबाखूचे व्यापारी. गेल्या वर्षी सनरूफवाली गाडी घेतली. मी विचारलं, "दाजी, उघडता कधी हे?"

(दाजींच्या आवाजात) "उघडायचं कशाला? असायला पायजे!"

तर हे दाजी जुलैमध्ये कोर्टाच्या तारखेला बेळगावात आले. एकटेच. डोक्यावर टॉवेल.

"पावणं, तुमच्या गावचा पाऊस बाद हाय! निपाणीत माझी गाडी थेंबभर गळत न्हाई. बेळगावात लावली की गळती सुरू. म्हणून तर मामींना फोनवर सांगतोय, पंचमीला हिला आणायला जमायचं न्हाई. भिजली, सर्दी झाली, मग?"

झालं काय होतं? (खुर्चीवर बसून स्टेअरिंग धरतो) दुसऱ्या रेल्वे गेटला गेट पडलेलं. दाजींनी ब्रेक मारला. आणि आरशाच्या वर तो छोटा दिवा असतो बघा, त्याच्यातनं सरळ मस्तकावर अभिषेक! श्रावण लागायला अजून आठवडा होता. कपिलेश्वराला सुद्धा लोक रांगेत उभं राहून पाणी घालतात. हितं बसल्या जागी!

गळती म्हटल्यावर सल्लागार कमी नाहीत. शेजारचे काका गॅलरीतनं, "एम-सील भरून सोड! गळणार नाही, उघडणार नाही, कटकट संपली." उद्यमबागेतला एक मिस्त्री आला, दिव्याला बोट लावलं, बोट बघितलं आणि म्हणाला, "सर, नीर बराकत्तैत्री." पाणी येऊलालंय. अरे, ते दाजींच्या सदऱ्यावरनं दिसूलालंय की!

मी म्हटलं, दाजी, बसा. ती काच पाणी अडवायला नाहीच. भोवतीचं रबर पावसाला "जरा हळू" एवढंच सांगतं. थोडं पाणी आत येणार, हे धरूनच गाडी बनवल्या. काचेच्या चौकटीखाली पन्हळ असते. तुमच्या गाडीत तिच्या चार कोपऱ्यांना चार भोकं, भोकांना चार नळ्या. पुढच्या दोन समोरच्या काचेशेजारच्या खांबातनं उतरून दाराच्या बिजागरीपाशी निघतात, मागच्या दोन मागच्या चाकाकडं. पाणी येतं, जातं, आपल्याला पत्ता नाही.

"म्हंजे कंपनीला म्हाईत हाय, पाणी आत येतंय?"

होय.

"आणि तरी माझ्याकडनं पैसे घेतले?"

होय.

(मोठा श्वास) "बरं. मग निपाणीत का गळत न्हाई?"

आता आला मुद्दा. दाजी, आमच्या खानापूरच्या डोंगरात पाऊस पडतो. ढग एकच. पण पाणी इकडं कलंडलं तर मलप्रभेत, तिथनं कृष्णेत, थेट बंगालचा उपसागर. तिकडं कलंडलं तर म्हादईत, थेट गोवा. सगळा खेळ उताराचा! ह्याच पाण्यासाठी 2010 मध्ये लवाद नेमला, 2018 मध्ये निकाल दिला, आणि अजून कणकुंबीत कुणी फावडं उचललं की पणजीत कुणीतरी ताडकन उठतं.

तुमच्या छपरावर पण तेच चाललंय. निपाणीत गोदामापुढं सपाट जागा. पुढच्या नळ्या बुजल्या तरी मागच्या निभावून नेतात. हितं आमची गल्ली उताराची, आणि तुम्ही गाडी लावता नाक खाली करून. सगळं पाणी पुढं! पन्हळ भरली, काठावरनं छताच्या कापडात, कापडातनं दिव्यात, दिव्यातनं...

"कोर्टात. जज्जसाहेब इचारत होते, अंघोळ करून तसंच आलात काय."

(उठतो, तांब्या उचलतो) मग काढलं की उघडं सनरूफ! गाडी घेतल्यापासनं पहिल्यांदा. पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात जरासं पाणी सोडलं. गुळगुळ आवाज यावा, चाकामागं धार दिसावी. (कान देतो) काही नाही. पाणी वरच उभं, माझ्याकडं बघूलालंय.

दाजी छत्रीची तार घेऊन धावत आले. मी ओरडलो, थांबा! नळी मऊ असते, तार आरपार जाते. मग म्हणाले पंक्चरवाल्याचं कॉम्प्रेसर आणूया. अजिबात नको! जोराची हवा मारली की नळी आतल्या आत तोंडावरनं निसटते. खांब फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि मग पाणी दिव्यातनं नाही, गालिच्याखालनं येतं. तिथं वायरी असतात.

ही दोरी घ्यायची. टोक काडीनं जरा शेकायचं, म्हणजे गोल होतं, टोचत नाही. दाजींच्या खिशात काडेपेटी बारा महिने असते. मग हळूहळू, फिरवत, फिरवत... अडली तर दामटायचं नाही. मागं घ्यायची, परत पुढं. नळीच्या खालच्या तोंडाला कधीकधी रबराची चोच असते, ती चिखलानं चिकटते. ती चिमटीत धरून उघडायची. हे काम दाजींना दिलं. पांढरा लेंगा वर खोचून दाजी चाकापाशी उकिडवे बसले.

"पावणं, काय बी येत न्हाई गा!"

दाबा चोच.

"दाबलोय! काय बी..."

(फस्स असा आवाज काढतो. लांब पॉज.)

काळपट तांबडी धार, थेट लेंग्यावर! गुलमोहराची बारीक पानं, धूळ, आणि त्यात... दाजींनी वास घेतला. व्यापारी माणूस, वासानं माल सांगतो.

"पावणं... ही आमचीच जर्दी!"

वर्षभर गोदामापुढं उभी राहून गाडीला तंबाखूची सवय लागल्या! पहिली पिंक मालकावर.

दुसऱ्या बाजूचं पण तसंच काढलं. वरनं तांब्या ओतला, खालनं स्वच्छ धार. परत ओतला, परत धार. दिवा कोरडा. गॅलरीतले काका एम-सील खिशात घालून आत गेले.

तेवढ्यात आई दारात. "जावईबापू, गळती थांबली म्हणं?"

दाजींनी माझा हात धरला आणि गाडीमागं नेलं. (दबक्या आवाजात) "पावणं, एक नळी परत बुजवून सोडता काय?"

का हो दाजी?

"तुमची आक्का माहेराला आली की पंधरा दिवस हलत न्हाई. भाकरी कोण थापायची?"

मी काही बोलणार, तोवर आतनं आईचा आवाज. फोनवर.

"आक्का, पिशवी भर गं! गाडी कोरडी झाल्या!"

(अंधार.)