संदर्भसूचीत ‘गुगल डॉट कॉम’ लिहिणाऱ्या डॉक्टरसाहेबांस

प्रति,
डॉक्टरसाहेब,


तुमच्या प्रबंधाच्या शेवटी ‘संकेतस्थळे’ असं ठळक शीर्षक आहे. त्याखालची पहिली नोंद ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट गुगल डॉट कॉम’. दुसरी विकिपीडिया, तिसरी यूट्यूब. मग ‘महाराष्ट्र शासन संकेतस्थळ’, ‘मराठी विश्वकोश’, ‘विविध वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्त्या’. आणि एवढ्यावर कुणाचं समाधान झालं नाही तर असू द्यावं म्हणून सगळ्यांत खाली ‘इंटरनेट’.

ऊसतोड मजुरांच्या स्थलांतरावर तुम्ही काही वर्षं काम केलंत म्हणे. ही यादी करायला किती मिनिटं लागली? गुगलने ऊसतोडीवर एक ओळही लिहिलेली नाही. त्याने तुम्हाला कुठेतरी नेऊन सोडलं. कुठे, ते तुम्ही सांगायचं होतं. गाव कुठलं असं विचारल्यावर ‘एसटी स्टँडवरून आलो’ म्हणून सांगावं, तसली ही नोंद आहे. आणि ती तुम्ही डॉक्टरेटसाठी सादर केलीत.

मी एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडच्या एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने तुमचा प्रबंध शोधगंगेवरून, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातून, उतरवून घेतला. तिचे आईवडील गाळप हंगाम सुरू झाला की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन कारखान्यावर जातात. तिचा प्रकल्प याच विषयावर आहे. तुमच्या चौथ्या प्रकरणात जिल्ह्यातून बाहेर पडणाऱ्या मजुरांचा एक आकडा आहे, तो तिला हवा होता. तिने मला एकच विचारलं, “मॅडम, हे कोयते आहेत की माणसं?”

तुम्ही या विषयाचे डॉक्टर आहात, तेव्हा तिच्या प्रश्नाचं वजन तुम्हाला कळायला हवं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम कोयते मोजतो, उचलही कोयत्यावर ठरते. आकडा कोयत्यांचा असेल तर माणसं दुप्पट, आणि सोबत जाणारी पोरं वेगळीच. माणसांचा असेल तर कोयते निम्मे. शिवाय तो कुठल्या हंगामाचा, मोजला कुणी, साखर कारखान्यांनी, शासनाने, की एखाद्या बातमीदाराने अंदाज बांधला? आकड्याच्या डोक्यावर तुम्ही टीपेचा क्रमांक टाकला आहे. खाली टीपेत लिहिलंय : ‘स्रोत : इंटरनेट’. तिने तो आकडा वापरायचा कसा? आणि तुम्ही तरी तो कशाच्या भरवशावर वापरलात?

आता ‘महाराष्ट्र शासन संकेतस्थळ’ घ्या. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिच्यावर तुम्ही तीन पानं लिहिली आहेत. योजनेचा शासन निर्णय समोर ठेवूनच लिहिली असतील, असं मी धरून चालते. शासन निर्णयाच्या पहिल्याच पानावर विभागाचं नाव, निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक असतो. शेवटच्या परिच्छेदात तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचं लिहून त्याचा संकेतांक छापलेला असतो, अंकांची एक लांबलचक ओळ. ती ओळ त्या एकाच निर्णयाची असते, दुसऱ्या कुठल्याही निर्णयाला लागत नाही. उद्या संकेतस्थळाची रचना बदलली, पत्ता बदलला, तरी विभाग, क्रमांक, दिनांक आणि संकेतांक हातात असला की निर्णय सापडतो. मंत्रालयातल्या टंकलेखकाने ही ओळ तुमच्यासाठी आयती टाइप करून ठेवली होती. तुम्ही ती उतरवूनही घेतली नाहीत. माझ्या विद्यार्थिनीने मग योजनेचं नाव टाकून शोध घेतला, तर मूळ निर्णय, नंतरच्या दुरुस्त्या, पूरकपत्रं असं बरंच काही समोर आलं. तुम्ही अटी लिहिल्यात त्या यांतल्या कशातल्या? निर्णयाचं वर्ष तरी लिहायचं.

विश्वकोशाच्या बाबतीत तुम्ही जे केलंत त्याचा मला सर्वांत जास्त राग आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचं काम उभं केलं, त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. त्यातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव दिलेलं असतं, आडनाव आधी. आज संगणकावर उघडलेल्या नोंदीच्या तळाशीही ते दिसतं. म्हणजे ज्या माणसाने ती नोंद लिहिली तो तिथे सही करून उभा आहे. तुम्ही त्याचे दोन परिच्छेद घेतलेत आणि सूचीत लिहिलंत ‘मराठी विश्वकोश’. नोंदीचं शीर्षक नाही, लेखक नाही, खंड नाही. अशी एक ओळ पुरली असती : लेखकाचं आडनाव व नाव, नोंदीचं शीर्षक, मराठी विश्वकोश, खंड, त्या पानाचा पूर्ण पत्ता, पाहिल्याचा दिनांक. विश्वकोशाचा संगणकावरचा पत्ता मध्यंतरी बदलला, आता तो शासनाच्या पत्त्याखाली आहे. जुना पत्ता देणारे कितीतरी प्रबंध आज वाचकाला कुठेच नेत नाहीत. पण ज्यांनी नोंदीचं नाव आणि खंड दिला, त्यांचा संदर्भ अजून जिवंत आहे. कपाटातून खंड काढला की नोंद समोर. पत्ता बुडाला तरी संदर्भ तरावा, अशा बेताने तो लिहायचा असतो.

केतकरांच्या ज्ञानकोशाशी तर तुम्ही याहून वाईट वागलात. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ १९२०च्या दशकात आला. तो आता संगणकावर वाचता येतो ही मोठी सोय आहे. त्यातली एका समाजाची माहिती तुम्ही पहिल्या प्रकरणात जशीच्या तशी वर्तमानकाळात लिहिली आहे : हे लोक असे राहतात, अमुक व्यवसाय करतात, त्यांची संख्या इतकी आहे. शंभर वर्षांपूर्वीची गणती तुम्ही आजची म्हणून दिलीत, कारण वेबपानावर नवा रंग, नवा टंक दिसला आणि कोशाचं वर्ष बघायची गरज तुम्हाला वाटली नाही. ऑनलाइन मजकुराचा संदर्भ देताना मूळ लेखनाचं वर्ष आणि आपण पाहिल्याचा दिवस या दोन्ही तारखा लागतात. तुमच्याकडे एकही नाही.

विकिपीडियावर मी तुम्हाला झोडपणार नाही. तिथे जाऊ नका असं विद्यार्थ्यांना सांगणारे प्राध्यापक स्वतः आधी तिथेच जातात, मला ठाऊक आहे. पण तिथलं पान कुणीही, कधीही बदलतं. २००९ साली फ्रेंच संगीतकार मॉरिस झार वारले, तेव्हा डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या विकिपीडियावरच्या पानात एक वाक्य स्वतः रचून त्यांच्या तोंडी घातलं. अनेक देशांतल्या वर्तमानपत्रांनी ते मृत्युलेखांत छापलं. वाक्य कुठून आलं हे कुणी बघितलं नाही. म्हणून विकिपीडियातून काही घ्यायचंच असेल तर पानाच्या तळाशी दिलेला मूळ संदर्भ उघडायचा, वाचायचा आणि त्याचा हवाला द्यायचा. खुद्द पानाचाच हवाला द्यायची वेळ आली तर ‘इतिहास’ उघडून त्या दिवशीच्या आवृत्तीचा कायमचा दुवा द्यायचा. तो दुवा पुढच्या फेरफारांनी बदलत नाही. दोन टिचक्यांचं काम आहे.

वर्तमानपत्रांचंही तेच. ‘विविध वर्तमानपत्रे’ म्हणजे कुठली? आपल्याकडे एकाच दैनिकाची त्याच तारखेची नागपूर आवृत्ती वेगळी आणि कोल्हापूर आवृत्ती वेगळी, हे पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत असतं. बातमीचा मथळा, बातमीदाराचं नाव असल्यास ते, दैनिक, आवृत्ती, दिनांक, ई-पेपर असेल तर पान. यूट्यूबवरच्या भाषणाला वक्ता, शीर्षक, वाहिनी, चढवल्याचा दिनांक आणि मिनिट-सेकंद. दोन तासांच्या परिषदेतलं एक वाक्य शोधायला तुम्ही वाचकाला दोन तास बसवू शकत नाही.

दुवे मरतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली पाहणी जाहीर केली. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्याआधी २०१४ साली हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले दुवे तपासले, तर जवळपास निम्मे मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नव्हते. तिथे ही गत, तर आपल्या जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावरची पीडीएफ किती टिकणार? यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ ही संस्था १९९६पासून वेबपानांच्या प्रती साठवते आहे, तिचं ‘वेबॅक मशीन’ २००१पासून सर्वांना खुलं आहे. आपण वाचलेल्या पानाचा पत्ता तिथे टाकून ‘जतन करा’ म्हटलं की त्या दिवसाची प्रत साठवली जाते आणि तिचा तारखेसह वेगळा पत्ता मिळतो. मूळ दुव्याशेजारी तोही द्यायचा. नियतकालिकातल्या लेखाला ‘१०’ने सुरू होणारा डीओआय क्रमांक असेल तर तो द्यायचा, मासिकाने संकेतस्थळ बदललं तरी तो क्रमांक नव्या जागी नेतो. शोधगंगेवरच्या प्रबंधालाही असाच कायमचा पत्ता असतो.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. ‘साम्य तपासणीत दहा टक्क्यांच्या आत आलो.’ आलात, खरं आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली उघडून बघा. साम्य तपासताना संदर्भ आणि संदर्भसूची वगळायची, असं तिथे स्पष्ट लिहिलंय, आणि ते योग्यच आहे, कारण एकाच विषयावरच्या सूच्यांत साम्य असणारच. याचा अर्थ असा, की तुमच्या प्रबंधातली ही पानं सॉफ्टवेअरने तपासलीच नाहीत. ती तपासायची तुमच्या मार्गदर्शकांनी आणि परीक्षकांनी. त्या तिघाचौघांनी मौखिकीनंतर पेढे खाल्ले, सह्या केल्या आणि यादी तशीच पुढे पाठवली. हे पत्र त्यांनाही लागू आहे.

न वाचता संदर्भ उतरवण्याचा रोग तुमच्यापासून सुरू झाला, असं मी म्हणत नाही. एल्सव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेच्या नमुन्यात संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी एक लेख दिला होता : व्हॅन डर गीअर आणि इतर दोघे, सन २०००, विषय वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला. असा लेख कधी लिहिलाच गेला नव्हता. तरी शेकडो शोधनिबंधांच्या सूच्यांत तो जाऊन बसला. लायडन विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोननबर्ग तो शोधायला गेले तेव्हा उलगडा झाला. त्या शेकडो लेखकांपैकी एकानेही ‘हा लेख बघू तरी’ म्हटलं असतं तर तिथेच थांबलं असतं.

आता तर रिकाम्या जागा भरायला यंत्र आलंय. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी कोर्टात सादर केलेले दाखले चॅटजीपीटीने रचलेले निघाले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. तुमच्या सूचीतही पुस्तकांच्या यादीत एक इंग्रजी लेख आहे, त्याचं मासिक खरं, वर्ष खरं, अंक खरा. तो अंक मी मिळवून पाहिला. तुम्ही दिलेल्या पानांवर दुसऱ्याच लेखकाचा दुसऱ्याच विषयावरचा लेख आहे, आणि तुमच्या लेखाचं नाव त्या अंकात कुठेच नाही. तो लेख तुम्ही वाचला होता का, हे तुमचं तुम्हालाच ठाऊक.

डॉक्टरसाहेब, ऊसतोडीच्या फडात राहून ज्यांनी नोंदी केल्या, ज्या बातमीदारांनी ट्रॅक्टरच्या मागे बसून बातम्या दिल्या, ज्यांनी कोशात नोंदी लिहिल्या, त्यांच्या कामावर तुमचा प्रबंध उभा आहे. त्यांची नावं तुम्ही ‘इंटरनेट’ या एका शब्दात पुसलीत. शोधगंगेने मात्र तुमचं पूर्ण नाव, विषय, वर्ष आणि कायमचा पत्ता नीट नोंदवून ठेवला आहे. तुमच्या प्रबंधाचा संदर्भ देणाऱ्याला कसलीच अडचण येणार नाही.

त्या विद्यार्थिनीचा प्रकल्प मार्चअखेर सादर व्हायचा आहे. चौथ्या प्रकरणातला आकडा कुणाचा, कुठल्या हंगामाचा, आणि तो कोयत्यांचा की माणसांचा, तेवढं उलट टपाली कळवा. सोबत वसतिगृह योजनेच्या शासन निर्णयाचा दिनांक आणि संकेतांक द्या. आकडा कुठून घेतला हे तुम्हालाच सांगता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहून पाठवा. मग ती तो वापरणार नाही.

कळावे,
एक ग्रंथपाल