कार्डिओग्राम

केबिन रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला सगळे ‘एक्स-रेवाला’ म्हणतात. सुरुवातीला दोघातिघांनी गुडघ्याच्या फिल्मा आणून दाखवल्या. त्याने त्या ट्यूबलाइटसमोर धरून मन लावून पाहिल्या आणि विचारलं, ‘एक्स्पोजर किती सेकंदांचं?’

हा जोडताऱ्यांचा अभ्यास करणारा माणूस. जोडीतला एक तारा धडधाकट, दुसरा मेलेला: न्यूट्रॉन तारा नाहीतर कृष्णविवर. मेलेला जित्याचा वायू ओढून घेतो. ‘पण तो सरळ आत पडत नाही हो! भाईंदरला विरार लोकलचं दार बघा. सगळ्यांना आत शिरायचंय, पण आधी गरगर फिरतात, एकमेकांना घासतात, तापतात.’ तो वायू तापतो कोटभर अंशांपर्यंत, आणि एक्स-रे फेकतो. आमच्या मजल्याला हे पहिल्या झटक्यात कळलं.

हे किरण वातावरणातून खाली पोचत नाहीत. म्हणून याचे डोळे 650 किलोमीटर वर: 28 सप्टेंबर 2015 ला उडालेला ॲस्ट्रोसॅट उपग्रह. त्यावरची एक्स-रे टिपणारी लॅक्सपीसी यंत्रं घडली कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये. उघड्या डोळ्यांचं आकाश मात्र याला परकं. कोजागिरीला गच्चीवर कुणीतरी ‘मृग कुठला रे?’ विचारलं, तर दुधाचा पेला सावरत म्हणाला, ‘त्याचा डेटा माझ्याकडे नाही.’ उपग्रह आणि तारा यांच्यामध्ये पृथ्वी आली की निरीक्षण बंद. उरलेला वेळ तो म्हणे ‘गुड टाइम’. बायको म्हणते, ‘आमचा गुड टाइम रविवारी, जेवणापुरता.’

त्याचा जीव जडलाय जीआरएस 1915+105 वर. 1992 मध्ये सापडलेलं, सुमारे बारा सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर. कधीकधी त्याचा उजेड पन्नासेक सेकंदांच्या तालात चढतो-उतरतो, थेट हृदयाच्या ठोक्यांसारखा. तो आलेख याने दारामागे चिकटवलाय. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि थबकल्या.

‘अरे, कार्डिओग्राम कुणाचा?’

‘जीआरएसचा, काकू. 2018 पासून फार मंदावलाय.’

‘अगंबाई! काय झालं?’

‘समोर वायू साठलाय, असं म्हणतात.’

‘गॅसच तो! ओवा द्या.’

संध्याकाळी मऊ खिचडीचा डबा आला. त्याने तो मुकाट्याने खाल्ला. आता जिन्यात भेटल्या की काकू आवाज उतरवून विचारतात, ‘कसं आहे रे त्यांचं?’

हाही तेवढ्याच काळजीने सांगतो, ‘तसंच आहे, काकू. मधूनच एखादी उसळी येते.’