टॅब द्या, पण कीबोर्डसकट

कीबोर्ड आणि माउसचे दिवस भरल्याची घोषणा आजवर कितीदा झाली, आणि ती करणारी माणसं किती मोठी होती, हे एकदा पाहून घ्या.

नोव्हेंबर २००१. लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांनी टॅब्लेट पीसी दाखवला आणि पाच वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक खपणारा पीसी याच प्रकारचा असेल, असं भाकीत केलं. पाच वर्षं गेली, तसं काही झालं नाही. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आल्यावर स्टीव्ह जॉब्ज म्हणाले, की यापुढे पीसी ट्रकसारखे होतील. राहतील, पण फार थोड्यांना लागतील. २०१५ मध्ये मोठ्या पडद्याचा आयपॅड प्रो आला, तेव्हा ॲपलचे टिम कुक यांनी आता कुणी पीसी का घ्यावा, असाच सवाल केला.

आज तुमच्या बँकेत जा, तहसील कार्यालयात जा, सीएच्या ऑफिसात जा, छापखान्यात जा. टेबलावर काय आहे? कीबोर्ड आणि माउस. हे लोक काही मागासलेले नाहीत. त्यांना काम उरकायचं असतं.

मायक्रोसॉफ्टने तर या हौसेची किंमत रोख मोजली. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं. त्यात बोटाने दाबायला सोयीच्या मोठमोठ्या रंगीत फरशा होत्या आणि वर्षानुवर्षं हाताला सवय झालेलं स्टार्ट बटण गायब होतं. जगभरच्या ऑफिसांत लोक पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात ते शोधत बसले. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये अख्खा स्टार्ट मेन्यूच परत आला. दरम्यान कंपनीच्या सर्फेस आरटी या टॅबचा साठा पडून राहिला. त्यापायी जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ९० कोटी डॉलर तोट्यात दाखवले.

ॲपलची गोष्ट याहून बोलकी आहे. स्पर्शाच्या पडद्याला लेखणी लागत असेल तर तो बनवणाऱ्याचंच चुकलं, असं जॉब्ज २०१० मध्ये ठणकावून सांगत होते. २०१५ मध्ये त्यांच्याच कंपनीने पेन्सिल विकायला काढली, सोबत जोडायचा कीबोर्डही. मार्च २०२० मध्ये आयपॅडला माउस आणि ट्रॅकपॅडची अधिकृत सोय मिळाली. मग मॅजिक कीबोर्ड आला, तोही ट्रॅकपॅडसकट. दहा वर्षांचा हा प्रवास नीट पाहिला तर कोण कुणाकडे चालत गेलं, हे स्पष्ट दिसतं. टॅबने संगणकाची जागा घेतली नाही. काम करायची वेळ आली तेव्हा टॅबलाच संगणकाचे हातपाय लावून घ्यावे लागले. ॲपलचं एक्सकोड, म्हणजे आयपॅडवरची बहुतेक ॲप ज्यावर तयार होतात ते साधन, आजही मॅकवरच चालतं.

हे का झालं? लोकांच्या सवयी जुन्या, म्हणून? मुळीच नाही. कारण शरीरात आहे, आणि ते कुठल्याही जाहिरातीने बदलत नाही.

बोटाचं टोक साधारण सेंटिमीटरभर रुंद असतं. माउसचा बाण एका ठिपक्यावर नेमका टेकतो. शिवाय बोट जिथे टेकतं तीच जागा झाकतं. जे पकडायचं तेच दिसत नाही. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलं आहे, की लक्ष्य जितकं लहान आणि जितकं दूर, तितका ते गाठायला वेळ जास्त. म्हणून स्पर्शासाठी केलेल्या पडद्यावर बटणं मोठी ठेवावी लागतात. बटणं मोठी झाली की पडद्यावर मावणाऱ्या गोष्टी कमी होतात. गोष्टी कमी झाल्या की सोयी मेन्यूच्या पोटात दडतात किंवा सरळ कापल्या जातात. टॅबवरचं एक्सेल अर्धंमुर्धं का वाटतं, याचं उत्तर इथे आहे. त्यात आळशी प्रोग्रामरचा दोष नाही, बोटाच्या जाडीचा हिशेब आहे.

हाताचंही तेच. ह्युलेट-पॅकार्डने १९८३ मध्ये एचपी-१५० नावाचा स्पर्शाचा संगणक काढला होता. उभ्या पडद्याकडे हात उचलून धरायचा आणि बोट लावत राहायचं. थोड्या वेळात खांदा भरून येतो. या दुखण्याला त्या क्षेत्रात नावच पडलं आहे, ‘गोरिला आर्म’. माउसवर हात टेबलाला टेकलेला असतो आणि मनगट दोन-चार सेंटिमीटर सरकलं की बाण पडदाभर फिरतो. संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जगासमोर माउस चालवून दाखवला, त्याला अर्धशतक उलटून गेलं. तो टिकला, कारण तो हाताला दमवत नाही.

आणि कीबोर्ड? एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. बोटांना त्यावरून घर सापडतं आणि डोळे मोकळे राहतात. काचेवर उंचवटा नाही, खालीवर होणारी कळ नाही; प्रत्येक अक्षराला नजर खाली न्यावी लागते. वर टॅब आडवा धरला तर पडद्यावरचा कीबोर्ड जवळपास अर्धी जागा खातो. लिहायचं पान उरतं अर्धं.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, कारण ते खरं आहे. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी टायपिंगच्या वेगाच्या मोठ्या चाचण्या घेतल्या. खऱ्या कीबोर्डवर १,६८,००० लोकांचा सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द भरला. मोबाइलवर ३७,००० लोकांचा ३६ च्या आसपास. पण १० ते १९ वयाची मुलं मोबाइलवर ४० च्या जवळ पोचली होती. म्हणजे नवी पिढी काचेवर झपाट्याने हात बसवते आहे. मला याचं कौतुक आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात घ्या. तो वेग दोन अंगठ्यांचा, मुठीत मावणाऱ्या फोनवरचा आहे. दहा इंची टॅबच्या मध्यापर्यंत अंगठे पोचतच नाहीत. आणि चाचणीतली वाक्यं इंग्रजी होती.

मराठीचं गणित आणखी वेगळं आहे. मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षर. काचेवर ‘वैशिष्ट्य’ लिहून पाहा. आपल्याकडचा इनस्क्रिप्ट कळफलक फार विचाराने बांधलेला आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. मराठीत व्यंजनामागून मात्रा येतच राहते, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि एकदा लय बसली की बोटं थांबत नाहीत. ती लय दहा बोटांची आहे. काचेवर दोन बोटांनी टिचक्या मारणाऱ्याला तिचा काही फायदा नाही. मग तो काय करतो? रोमन लिपीत मराठी लिहितो आणि फोन सुचवेल ते अक्षर स्वीकारतो. ऱ्हस्वदीर्घाचा निर्णय यंत्राचा, लेखकाचा नाही. बोलून मराठी लिहून घ्यायची सोय गूगलने २०१७ मध्ये दिली. ती निरोपाला, शोधाला छान आहे. पण अर्ज लिहायचा, खोडायचा, वाक्य उचलून दुसरीकडे लावायचं, ते तोंडाने होत नाही.

मी टॅबच्या विरोधात आहे, असं कुणी समजू नये. जिथे माणूस उभा आहे, चालतो आहे, दाखवतो आहे, तिथे टॅबला तोड नाही. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये वैमानिकांच्या नकाशे-नियमावल्यांनी ठासलेल्या जड बॅगा काढून आयपॅड दिले. डेव्हिड हॉकनीसारख्या चित्रकाराने सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडवर चित्रं काढली आणि ती मोठ्या प्रदर्शनांत लागली. बोलता न येणारी मुलं पडद्यावरच्या चित्राला बोट लावून आईला भूक लागल्याचं सांगतात. हे माउसने कधीच झालं नसतं.

आपल्याच घरचं उदाहरण तर फार चांगलं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपल्या वावरात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो, जागा आपोआप नोंदली जाते आणि पीक सातबाऱ्याच्या दप्तरी चढतं. बांधावर लॅपटॉप उघडून कोण बसणार? इथे स्पर्शाचाच पडदा हवा. पण त्याच सातबाऱ्यावर वारसाची नोंद करायची, खरेदीखताचा फेरफार घ्यायचा, तर तलाठी लॅपटॉप उघडतो. नावं, गट नंबर, आणेवारी, क्षेत्र, सगळं अक्षर न् अक्षर टाइप करावं लागतं, आणि एका आकड्याची चूक भावाभावांना कोर्टात उभं करते. दस्तऐवज एकच, पण दोन कामांना दोन यंत्रं लागतात. आपल्या महसूल खात्याच्या रोजच्या कामात हे उमजलेलं आहे. ते शिक्षणाच्या कारभारात का उमजत नाही, हे माझं खरं दुखणं आहे.

शाळा-कॉलेजांत आपण मुलांच्या हाती काय दिलं ते बघा. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅबचं उद्घाटन केलं. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता आणि त्याचा पडदा बोटाने दाबावा तेव्हा कुठे दाद देत होता. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले, का तर दप्तराचं ओझं कमी व्हावं. हेतू चांगला, आणि तो तेवढाच होता: पुस्तक वाचायचं ते काचेवर वाचायचं. ‘आकाश’ आला त्याच २०११ मध्ये तमिळनाडूने सरकारी शाळांतल्या उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. त्या योजनेवर राजकारणाचे आरोप झाले असतील, पण तिथल्या गरिबाच्या पोराच्या हाती कळा आल्या. आपल्या पोराच्या हाती काच आली. मला हा फरक लहान वाटत नाही.

कारण पुढे काय होतं? जेईई मेन संगणकावर होते, एमएचटी-सीईटी संगणकावर होते. प्रश्न पडद्यावर, उत्तर माउसने. दोन वर्षं टॅबवर व्हिडिओ पाहून अभ्यास केलेल्या मुलीच्या हातात पहिल्यांदा माउस येतो तो परीक्षेच्या सभागृहात, घड्याळ चालू असताना. ही अडचण इतकी खरी आहे, की राष्ट्रीय परीक्षा संस्थेने २०१८ मध्ये देशभर सरावाची केंद्रं उघडली. पुढे ‘लिपिक-टंकलेखक’ पदासाठी अर्ज करायचा, तर मराठी टंकलेखनाचं मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. ते काचेवर मिळत नाही. त्यासाठी तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटची फी भरावी लागते. जे शाळेत फुकट शिकता आलं असतं, ते बाहेर पैसे मोजून शिकायचं.

संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये मुलांसाठी पाटीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली, डायनाबुक. टॅबची वंशावळ सांगणारे सगळे तिथून सुरुवात करतात. त्यांच्या त्या आराखड्यात पडद्याच्या खाली कीबोर्ड आहे, हे मात्र सोयीस्कर विसरतात. के यांना मुलांनी त्यावर स्वतःचे प्रोग्राम लिहायला हवे होते. उलट २०१० मध्ये, ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या स्क्रॅच या साधनात मुलांनी केलेले प्रकल्प चालवणारं ॲप ॲपलने आपल्या दुकानातून काढून टाकलं. आज स्क्रॅच टॅबवर चालतं, ही चांगली गोष्ट आहे. पण ठोकळे सरकवण्याच्या पुढे जायचं, ओळीने कोड लिहायचा, तर पुन्हा कळा हव्यातच.

टॅब खरेदीचे प्रस्ताव ज्या टिपणीवरून मंजूर होतात, ती टिपणी कीबोर्डवर लिहिलेली असते. मंजुरी देणाऱ्या साहेबांच्या मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर लॅपटॉप असतो. पाहण्याचं यंत्र गरिबाला आणि करण्याचं यंत्र आपल्या घरी, ही वाटणी मला मान्य नाही.

यावर उपाय महाग नाही, म्हणून तर राग येतो. अँड्रॉइड टॅबला काही रुपयांच्या ओटीजी वायरने साधा यूएसबी कीबोर्ड आणि माउस जोडता येतो. दोन्ही मिळून काही शे रुपयांत येतात. शाळेत धूळ खात पडलेले टॅब आहेत, त्यांनाही ते चालतात. इनस्क्रिप्टचा तक्ता भिंतीवर लावायला तर एक कागद पुरतो.

तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत टॅब आले असतील, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि कीबोर्डची मागणी ठरावात लिहून घ्या. ग्रामनिधीतून, माजी विद्यार्थ्यांकडून, गणेश मंडळाच्या शिलकीतून, कुठूनही पैसे आणा. आणि पुढच्या निवडणुकीत कुणी टॅब वाटायला आलं, तर तो घ्या, पण सोबत कीबोर्ड मागितल्याशिवाय त्याला दारातून जाऊ देऊ नका.