सवलतीपुरती सरकारी

एसटी सरकारची आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर विचारणारा प्रवासी आहे की कर्मचारी यावर अवलंबून असते, हे महाराष्ट्राच्या राज्यकारभाराचे एक सर्वपक्षीय तत्त्व मानावे लागते. कारंजा लाडच्या आगारातून सुटणाऱ्या लाल गाडीत पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा २०२२ पासून फुकट आणि त्यांची सून २०२३ पासून अर्ध्या तिकिटात बसते, तेव्हा ती गाडी निःसंशय सरकारची असते, आणि तसे सांगणारे छायाचित्र गाडीच्या मागे लावण्यास कोणी विसरत नाही. मात्र त्याच गाडीच्या वाहकाने पगाराचा विषय काढला, की ती तत्काळ 'महामंडळाची', म्हणजे कायद्याने निर्माण केलेल्या आणि आपला जमाखर्च आपणच पाहणाऱ्या वेगळ्या संस्थेची होते.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या संपात कर्मचाऱ्यांनी नेमकी हीच विसंगती मिटवण्याची, म्हणजे महामंडळाच्या राज्य सरकारमधील 'विलीनीकरणाची' मागणी केली, आणि नोव्हेंबरात राज्यातील सर्व २५० आगारे ठप्प झाली. सरकारची खरी अडचण येथून सुरू होते. कामगार संघटना नावाच्या उपद्रवाशी दशकानुदशके झुंजलेल्या सरकारने संघटनांच्या कृती समितीशी तडजोड केली खरी, परंतु कामगारांनी ती तडजोड आणि संघटना दोन्ही बाजूला सारल्याने, वाटाघाटीला बसवण्यासाठी एखादी तरी दमदार संघटना असावी अशी इच्छा प्रथमच मंत्रालयात उत्पन्न झाली असावी.

कारंज्याहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे आधीच थांबलेली असल्याने तेवढ्या प्रवासासाठीही कारंजेकरांची भिस्त एसटीवरच होती. एसटी बंद पडल्यावर उपाय म्हणून सरकारने खासगी बस, शाळेच्या बस, इतकेच नव्हे तर मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. एरवी टेम्पोत माणसे भरली की दंड होतो. संपाच्या काळात त्यालाच पर्यायी व्यवस्था म्हणतात, आणि कारंज्याच्या गुरुमंदिरात दर्शनाला निघालेला भाविक कागदोपत्री माल ठरला तरी पोहोचतो, हे महत्त्वाचे. दुसरीकडे मेस्माचा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतील संपाला मनाई करण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या कायद्याचा, इशारा देण्यात आला. जी सेवा बंद पडणे गुन्हा ठरावे इतकी अत्यावश्यक, तिच्यात राबणाऱ्यांचा पगार वेळेवर होणे मात्र तितके अत्यावश्यक का नसते, याचा खुलासा त्या कायद्यात नाही.

मागणी तपासण्यासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशावरून समिती नेमली गेली. मुख्य सचिव, वित्त खाते आणि परिवहन खाते असे तिचे तीन घटक होते. तिजोरीच्या राखणदारांनाच तिजोरी उघडावी का, असे विचारल्यावर मार्च २०२२ मध्ये विधिमंडळात जे नकारार्थी उत्तर आले, ते आश्चर्यकारक नव्हते. दरम्यान सेवाकालानुसार अडीच, चार आणि पाच हजारांची पगारवाढ जाहीर झाली होती, हजारोंवर निलंबन आणि बडतर्फीची कारवाईही झाली होती, आणि अखेर एप्रिलमध्ये न्यायालयाने दिलेल्या मुदतीत कर्मचारी कामावर परतले.

संपाच्या मंडपात विलीनीकरणाच्या घोषणा देणाऱ्या विरोधी नेत्यांचा पक्ष त्यानंतर अडीच महिन्यांत सत्तेवर आला. विलीनीकरण झाले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपती आणि विधानसभेची निवडणूक दोन्ही जवळ आली असताना, कर्मचारी पुन्हा संपावर गेले, तेव्हा अवघ्या दोन दिवसांत मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ मान्य झाली.